ब्राउझर सतत प्लगइन (त्याला जोडायचा छोटा प्रोग्राम) मागतोय. न टाकता काम कसं काढायचं?

मांजलपूरकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

आमची बडोद्याची, मांजलपूरमधली जुनी सोसायटी. आठ कॅमेरे आहेत आणि डीव्हीआर, म्हणजे त्यांचं चित्रण साठवणारा डबा, मीटर रूममध्ये वरच्या फळीवर ठेवलाय. त्याचा मॉनिटर आधीच्या कमिटीच्या काळात 'दुरुस्तीला' गेला तो गेलाच. कॅमेरे बसवणारा भाई आता सुरतेला असतो आणि फोन उचलत नाही. परवा रात्री पार्किंगमध्ये कुणीतरी दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या स्कूटरला ठोकून गेलं. काकू रोज विचारतात, "सेक्रेटरीसाहेब, बघितलंत का?"

लॅपटॉपवर डीव्हीआरचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) टाकला. लॉगिन होतं, पासवर्ड चालतो, डावीकडे कॅमेऱ्यांची यादीही येते. पण चित्राच्या जागी काळी चौकट, आणि तिच्यात इंग्रजीत 'प्लगइन इन्स्टॉल करण्यासाठी इथे क्लिक करा'. क्लिक केलं की एक ईएक्सई फाइल उतरते. ती चालवली, ब्राउझर बंद करून उघडला, तरी पुन्हा तेच. क्रोम, फायरफॉक्स, एज, सगळीकडे हीच रड. लॅपटॉप विंडोज ११ चा आहे.

मला मुळात तो प्लगइन नकोच आहे, त्या शनिवारच्या रात्रीचं चित्र हवंय. काही मार्ग?

बंद_चालू_करा

बंद करून चालू केलं का? 😄

तुटका_माउस

काका, ती फाइल कितीही वेळा चालवा, काळी चौकट काळीच राहणार. कारण सांगतो.

तुमचा डीव्हीआर २०१२ ते २०१६ च्या दरम्यानचा असावा. त्या काळातल्या बहुतेक डब्यांचं वेबपान ॲक्टिव्हएक्सवर चालायचं, आणि ॲक्टिव्हएक्स म्हणजे इंटरनेट एक्सप्लोररची खास चीज. क्रोम-फायरफॉक्सला त्याच्याशी कधीच देणंघेणं नव्हतं. त्यांच्यासाठी एनपीएपीआय नावाची वेगळी सोय होती, नेटस्केपच्या जमान्यातली. तीही गेली. क्रोमनं एप्रिल २०१५ मध्ये ती आधी बंद ठेवली आणि सप्टेंबरमध्ये उपटून टाकली. फायरफॉक्सनं मार्च २०१७ मध्ये फ्लॅश (ॲनिमेशन-व्हिडिओ दाखवणारा अडोबीचा प्लगइन) सोडून बाकी सगळ्यांना घरी पाठवलं, आणि जानेवारी २०२१ मध्ये फ्लॅशलाही. म्हणजे तुमची ईएक्सई प्लगइन बसवते, पण त्याला हाक मारणारा ब्राउझरच उरलेला नाही. डब्यातल्या पानाला हे माहीत नाही, ते बिचारं २०१४ मध्येच जगतंय.

आता उपाय. विंडोज असेल तर एजमध्ये आयई मोड आहे. एक्सप्लोरर स्वतः १५ जून २०२२ ला निवृत्त झाला, पण त्याचं इंजिन एजच्या पोटात शिल्लक आहे आणि निदान २०२९ पर्यंत ठेवू असं मायक्रोसॉफ्टनं म्हटलंय. एजच्या सेटिंग्जमध्ये 'डीफॉल्ट ब्राउझर' उघडा. तिथे साइट्स इंटरनेट एक्सप्लोरर मोडमध्ये रिलोड करू द्यायच्या का, असं विचारलेलं असेल. ते 'अलाऊ' करा, एज बंद करून उघडा, तिथेच खालच्या 'इंटरनेट एक्सप्लोरर मोड पेजेस' यादीत डीव्हीआरचा पत्ता जोडा आणि पान पुन्हा उघडा. ॲड्रेस बारच्या डावीकडे जुना निळा 'ई' दिसला की समजा जमलं. ही परवानगी ३० दिवसांनी संपते, मग पुन्हा द्यायची.

एवढ्यानं प्लगइन उठला नाही तर कंट्रोल पॅनेल, इंटरनेट ऑप्शन्स, सिक्युरिटी, ट्रस्टेड साइट्स. तिथे डीव्हीआरचा आयपी टाका. टाकताना खाली 'एचटीटीपीएस लागेलच' अशा अर्थाची एक टिक असते, ती आधी काढा. डीव्हीआर साध्या एचटीटीपीवर बोलतो, त्यामुळे ती टिक असेपर्यंत विंडोज आयपी घेतच नाही. बहुतेक जण इथेच अडकतात.

झटपट_राव

एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? जुना क्रोम शोधा, अपडेट बंद करा, अँटिव्हायरस दहा मिनिटं बंद ठेवा आणि नेटवरून फ्लॅश प्लेयर टाका. डेटिंग-रेटिंगच्या साइटवर नाही, चांगल्या साइटवरून घ्या. माझ्याकडे वर्षानुवर्षं चालतंय.

तुटका_माउस

@झटपट_राव, एक तर काकांच्या डब्याला फ्लॅश नकोय, ॲक्टिव्हएक्स हवंय. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही.

दुसरं, अडोबीनं ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचं काम थांबवलं आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेयर स्वतःच चित्र दाखवायला नकार देतो. ती तारीख प्लेयरच्या आतच बसवलेली आहे. त्यामुळे आज कुणी 'नवीन फ्लॅश प्लेयर' देत असेल तर तो काय देतोय याचा विचार करा. २०११-१२ मध्ये मॅकवर 'फ्लॅशबॅक' नावाचा जो उच्छाद झाला, तो पहिल्यांदा खोट्या फ्लॅश इन्स्टॉलरच्या वेषातच आला होता.

आणि अँटिव्हायरस बंद करून अनोळखी ईएक्सई चालवायची, तीही सोसायटीचं बँक खातं चालवणाऱ्या लॅपटॉपवर? नको.

झटपट_राव

बरं बाबा. माझ्याकडे चालतं एवढंच म्हटलं.

सुरसागर_काठी

काका, मी वेगळं सुचवतो. पुढचं दार अडलंय तर मागच्या दारानं जा. ब्राउझर नकोच.

ते पान म्हणजे डीव्हीआर नव्हे, त्याच्यावर लावलेला दर्शनी पडदा आहे. खरा डीव्हीआर मागे आरटीएसपी नावाच्या प्रोटोकॉलवर व्हिडिओ सोडत बसलेला असतो, साधारणपणे ५५४ नंबरच्या पोर्टवर. ब्राउझरला आरटीएसपी थेट कळत नाही, आणि नेमक्या याच कारणानं त्या काळी कंपन्यांनी प्लगइन मध्ये घातला. व्हीएलसीला मात्र ते छान कळतं.

व्हीएलसी उघडा, कंट्रोल आणि एन दाबा. पत्ता लिहिताना आधी आरटीएसपी, कोलन, दोन तिरक्या रेघा, मग आयपी, कोलन, ५५४, आणि पुढे कंपनीनं ठरवलेली शेपटी, ज्यात चॅनल नंबर असतो. शेपटी प्रत्येक कंपनीची वेगळी. मॅन्युअलमध्ये मिळेल, नाहीतर 'ऑनव्हिफ डिव्हाइस मॅनेजर' हे फुकट सॉफ्टवेअर घ्या. डबा ऑनव्हिफ (वेगवेगळ्या कंपन्यांच्या कॅमेऱ्यांसाठीचे सामाईक नियम) पाळत असेल तर ते नेटवर्कवर स्वतः त्याला शोधतं आणि पूर्ण पत्ता खाली लिहून दाखवतं. तो कॉपी करायचा.

युजरनेम-पासवर्ड पत्त्यातच लिहिण्याची पद्धत आहे, पण पासवर्डमध्ये ॲटचं चिन्ह असलं की सगळा पत्ता बिनसतो. पासवर्ड न लिहिता एंटर करा, व्हीएलसी स्वतः विचारतो.

चित्र अडकत-अडकत आलं तर मेनस्ट्रीम, म्हणजे पूर्ण चित्र, सोडून सबस्ट्रीम मागा. ती कमी रिझोल्यूशनची पण हलकी असते. सोसायटीच्या वायफायवर मेनस्ट्रीमचा हट्ट नको.

मांजलपूरकर

@सुरसागर_काठी, पण हे आत्ता चालू असलेलं चित्र झालं ना? मला शनिवार रात्र हवी.

सुरसागर_काठी

हो, बरोबर पकडलंत. आरटीएसपीवरून जुनं रेकॉर्डिंग काही कंपन्या देतात, काही नाही. त्यासाठी कंपनीचं कॉम्प्युटरवर चालणारं क्लायंट सॉफ्टवेअर बघा, कंपनीच्याच साइटवरून. डब्यामागे मॉडेल नंबरची चिकटपट्टी असते, तिचा फोटो काढून आणा. क्लायंटला ब्राउझर लागत नाही आणि प्लेबॅक, बॅकअप दोन्ही असतं.

शेवउसळ_विथ_तर्री

सगळे एवढे हुशार, पण सगळ्यात सोपं कुणी सांगत नाही. डीव्हीआरला मागे मॉनिटर आणि माउस लावा. घरातला टीव्हीसुद्धा चालतो. माउसचा उजवा क्लिक, बॅकअप, तारीख-वेळ, पेनड्राइव्ह. संपलं.

बॅकअप घेताना फॉरमॅट विचारला तर एमपी४ किंवा एव्हीआय निवडा. नाहीतर कंपनीच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये फाइल येते आणि मग तिचा प्लेयर शोधत फिरा, म्हणजे पुन्हा हाच धागा दुसऱ्या नावानं.

वकील_बडोदेकर

वरच्याला +१. प्रकरण विम्यापर्यंत किंवा पोलिसांपर्यंत जाणार असेल तर मोबाइलनं स्क्रीनचा व्हिडिओ काढून भागवू नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे, आणि इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबतच्या प्रमाणपत्राचं कलम आता ६३ आहे, पूर्वीचं ६५-ब. डीव्हीआरमधून सरळ बॅकअप घ्या, तारीख-वेळ आणि कुणी घेतला ते लिहून ठेवा, आणि डीव्हीआरचं घड्याळ बरोबर आहे का ते आधी बघा. जुन्या डब्यांची आतली बॅटरी गेलेली असते, आणि वीज गेली-आली की घड्याळ भलत्याच वर्षात जाऊन बसतं. 'शनिवार रात्र' शोधताना यानंही घोळ होतो.

फळा_खडू

धागा चोरत नाही, पण प्रश्न याच जातीचा आहे. आमच्या मराठी माध्यमाच्या शाळेत २००८ च्या सुमाराची विज्ञानाची सीडी आहे, फ्लॅश ॲनिमेशनची. हृदयाचे कप्पे, रक्त कसं फिरतं वगैरे. मुलांना फार आवडते. आता ब्राउझर म्हणतो फ्लॅश नाही. सीडीवर एसडब्ल्यूएफ फाइल्स दिसतात. काही होईल?

तुटका_माउस

ताई, तुमचं काम सगळ्यात सोपं आहे. 'रफल' नावाचा मुक्तस्रोत प्रकल्प आहे. तो फ्लॅश प्लेयर नव्हे, फ्लॅशची नक्कल करणारा स्वतंत्र प्रोग्राम आहे, रस्ट भाषेत लिहिलेला. त्याची डेस्कटॉप आवृत्ती घ्या आणि एसडब्ल्यूएफ फाइल तिच्यावर ओढून टाका. ब्राउझर, प्लगइन काही लागत नाही. २००८ ची सीडी म्हणजे बहुधा ॲक्शनस्क्रिप्टची (फ्लॅशच्या आतली प्रोग्रामिंग भाषा) जुनी आवृत्ती असेल, ती रफलला चांगली येते. ॲक्शनस्क्रिप्ट ३ ची असेल तर काही बटणं हट्ट करतील, एकेक उघडून बघा. इंटरनेट अर्काइव्हनं नोव्हेंबर २०२० पासून जुने फ्लॅश खेळ आणि ॲनिमेशन जपून ठेवलेत, ते याच रफलवर चालतात.

एकच अडचण येऊ शकते. मुख्य फाइल बाकीच्या फाइल्सना सीडीच्या फोल्डरमधून बोलावत असते. म्हणून एकटी फाइल नको, सगळी सीडी हार्ड डिस्कवर तशीच्या तशी कॉपी करा आणि मग मुख्य फाइल उघडा.

फळा_खडू

हृदय धडधडलं! फक्त मराठी मजकुराच्या जागी काही ठिकाणी चित्रविचित्र अक्षरं येतायत.

जुनं_बाड

ताई, तो फॉन्टचा प्रश्न. सीडी मराठीत युनिकोड (सगळ्या लिपींसाठीची एकच अक्षर-पद्धत) रुळण्याआधीची दिसते. मजकूर फाइलमध्ये कोरलेला असेल तिथे नीट दिसतो, आणि मशीनवरचा फॉन्ट मागत असेल तिथे हा गोंधळ. सीडीत 'फॉन्ट्स' नावाचा फोल्डर आहे का बघा, त्यातला टीटीएफ बसवला तर बऱ्याचदा सुटतं.

अवांतर: यावरून आठवलं. मुंबईचा पेपर बडोद्यात हाती पडेपर्यंत दुपार व्हायची, म्हणून नेटवर वाचायला जावं तर प्रत्येक पेपरची पहिली ओळ 'आमचा फॉन्ट उतरवून घ्या'. प्रत्येकाचा फॉन्ट वेगळा आणि एकाची अक्षरं दुसऱ्यात टाकली की गिचमीड. नंतर डायनॅमिक फॉन्ट आले, ते मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीचे असले की फक्त एक्सप्लोररमध्ये दिसायचे. लिनक्सवाल्यांनी मराठी वाचूच नये असा जणू नियम. तेव्हा फायरफॉक्सचं 'पद्मा' नावाचं एक्स्टेंशन आलं. पानावरचा जुना मजकूर ते जागच्या जागी युनिकोडमध्ये बदलून दाखवायचं, फॉन्ट न उतरवता. साइटला कुणी विचारलं नाही, विनंती अर्ज केला नाही, वाचणाऱ्यानं आपल्या बाजूनं प्रश्न सोडवला. या धाग्यात जे चाललंय ते मला त्याच कुळातलं वाटतं.

बंद_चालू_करा

पद्मा! वा. वाखुसा (वाचनखूण साठवली).

जमाखर्च

मी सीएकडे काम करते, रावपुऱ्यात. टेंडर भरायच्या एका साइटवर सही करायला गेलं की 'जावा प्लगइन आढळला नाही'. डिजिटल सहीचं यूएसबी टोकन लावलेलं आहे, ड्रायव्हर आहे, जावाही आहे. साहेब म्हणतात जावा पुन्हा टाक. कितीदा टाकू?

तुटका_माउस

कुठला जावा टाकलाय ते आधी बघा. ब्राउझरमध्ये चालणारा जावा प्लगइन ओरॅकलनं २०१७ मध्ये जावा ९ मध्ये कालबाह्य ठरवला आणि २०१८ च्या जावा ११ मधून काढूनच टाकला. म्हणजे नवा जावा शंभरदा टाकलात तरी प्लगइन येणार नाही. जावा ८ लागेल, तोही ३२ बिटचा, आणि पान एजच्या आयई मोडमध्ये. शिवाय कंट्रोल पॅनेलमध्ये जावा, सिक्युरिटी, तिथे 'एक्सेप्शन साइट लिस्ट' आहे, त्यात साइटचा पत्ता. हे फक्त त्या एका कामासाठीच्या मशीनवर करा, साहेबांच्या लॅपटॉपवर नको.

पण त्याआधी त्या साइटवरच नीट शोधा. बहुतेक साइट्सनी आता रीत बदललीय. सही करणारा छोटा प्रोग्राम तुमच्या मशीनवर मागे चालू राहतो आणि पान त्याच्याशी १२७.०.०.१ या घरगुती पत्त्यावर बोलतं. प्लगइन नाही, जावाची कटकट नाही. जुनं पान गूगलमधून उघडत असाल तर ते अजून जावा मागत असेल आणि नवं पान शेजारीच असेल.

जमाखर्च

अरे देवा, खरंच नवं पान आहे! बुकमार्क जुना होता. सायनर टाकला, पण आता 'सायनरशी संपर्क होत नाही' म्हणतंय.

सुरसागर_काठी

क्रमानं बघा. खाली घड्याळाजवळ सायनरचं चिन्ह दिसतंय का? नसेल तर तो सुरूच नाही, राइट क्लिक करून ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा. दिसत असेल तर त्यानं स्वतःचं सर्टिफिकेट विंडोजमध्ये बसवलंय का ते बघा, इन्स्टॉल करताना मध्येच 'येस' विचारतो आणि आपण घाईत 'नो' दाबतो. तिसरं, नवीन क्रोम आता विचारतो की ही साइट तुमच्या लोकल नेटवर्कवरच्या गोष्टींशी बोलू पाहतेय, परवानगी द्यायची का. सहीच्या खात्रीच्या साइटला 'अलाऊ'. दुसऱ्या कुठल्या साइटनं हेच विचारलं तर मात्र 'ब्लॉक'.

जमाखर्च

क्रोमचंच होतं, 'ब्लॉक' झालेलं. सही झाली. आता एक शेवटचं, सरकारी पीडीएफ फॉर्म उघडला की त्यात फक्त 'प्लीज वेट' येतं आणि अडोबी रीडर घ्या म्हणतो. हाही प्लगइनच का?

जुनं_बाड

तो एक्सएफए जातीचा फॉर्म. नावाला पीडीएफ, आत वेगळंच पीठ. 'प्लीज वेट' कितीही वाट बघितली तरी हटत नाही, तेच त्या पानाचं खरं पान. फाइल उतरवून घ्या आणि फायरफॉक्सनं उघडा. २०२१ च्या ९३ व्या आवृत्तीपासून फायरफॉक्सला एक्सएफए येतं. डिजिटल सही फॉर्मच्या आतच करायची असेल तर मात्र अडोबी रीडरला शरण जावं लागतं.

मकरपुरा_शेड

माझं थोडं वेगळं मत. आमच्या जीआयडीसीच्या शेडमध्ये जुनं मशीन आहे, त्याचं सेटिंग पॅनेल जावा ॲप्लेटवर चालतं. मशीनला काही झालेलं नाही, अजून दहा वर्षं चालेल. पॅनेल बदलायचं तर कंपनी जी किंमत सांगते ती ऐकून आम्ही चहा मागवतो. मी एक जुना विंडोज ७ चा लॅपटॉप फक्त त्यासाठी ठेवलाय, फायरफॉक्स ५२ ईएसआर (जुना प्लगइन चालवणारी आवृत्ती) आणि जावा ८ टाकून. वायफाय कार्ड काढून टाकलंय. लॅनची केबल सरळ मशीनला, बाकी जगाशी संबंध नाही. पेनड्राइव्हही लावू देत नाही कुणाला. ज्याला नवं करणं परवडत नाही त्यानं जुनं ठेवावं, पण कोंडून ठेवावं.

झटपट_राव

म्हणजे जुना ब्राउझर चालतो तर! मी काय वेगळं म्हटलं होतं?

मकरपुरा_शेड

वायफाय कार्ड काढण्याचं तुम्ही नव्हतं म्हटलं भाई.

मांजलपूरकर

मंडळी, अपडेट.

एजच्या आयई मोडनं पान उघडलं. ट्रस्टेड साइट्समधली ती टिक खरंच आडवी आली होती, काढल्यावर आयपी घेतला. प्लगइन डीव्हीआरमधून जो उतरला तोच टाकला, नेटवरून काही नाही. चित्र आलं. डीव्हीआरचं घड्याळ चाळीस मिनिटं मागे होतं, वकीलसाहेबांना नमस्कार, नाहीतर भलतीच वेळ बघत बसलो असतो. स्कूटरला ठोकणारा सापडला. बाहेरचा कुणी नाही, आमच्याच चौथ्या मजल्यावरचा. त्यानं काकूंना खर्च देतो म्हटलंय, त्यामुळे पुढे जायचं कारण नाही.

बॅकअप मात्र वेबपानावरून घेताना मध्येच तुटत होता. शेवटी शेवउसळभाऊंचं ऐकलं, घरचा टीव्ही खाली नेला, पेनड्राइव्हवर एमपी४ मिळाली.

आता कमिटीतले एक जण म्हणतायत की राउटरमध्ये पोर्ट उघडून डीव्हीआर बाहेरूनही दिसेल असं करू, म्हणजे सगळ्यांना घरबसल्या बघता येईल. करावं का?

तुटका_माउस

अजिबात नको. २०१६ मध्ये 'मिराय' नावाच्या बॉटनेटनं (हॅकरच्या ताब्यातल्या उपकरणांचं जाळं) असेच डीव्हीआर आणि कॅमेरे कंपनीच्या मूळ पासवर्डनं ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबरला त्यांनी डिन नावाच्या डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता सांगणारी सेवा) कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट्स कितीतरी तास अडखळल्या. तुमच्या डब्याला नवे अपडेट येणं केव्हाच थांबलं असेल. तो घरच्या नेटवर्कमध्येच राहू दे. बाहेरून बघणं फारच गरजेचं असेल तर राउटरवर व्हीपीएन (बाहेरून आत येण्याची सुरक्षित वाट) आहे का बघा, आणि आधी डीव्हीआरचा ॲडमिन पासवर्ड बदला.

सुरसागर_काठी

आणि सगळ्या सभासदांनी कोण केव्हा आलं-गेलं ते घरबसल्या बघायचं, ही कल्पनाच मला पटत नाही. पण तो तुमच्या मीटिंगचा विषय.

मांजलपूरकर

पासवर्ड आजच बदलतो. पोर्टचा ठराव बारगळला असं समजा. मीटर रूमसाठी एक जुना मॉनिटर घ्यायचं ठरतंय, सयाजीगंजात सेकंड हँड मिळेल ना?

शेवउसळ_विथ_तर्री

मिळेल की. डीव्हीआरच्या मागे व्हीजीए आहे की एचडीएमआय, ते बघूनच निघा, आणि केबल तिथेच घासाघीस करून घ्या. माउसही घ्या, यूएसबीचा, वायरवाला. वायरलेस नेलात तर पुढची कमिटी तोही दुरुस्तीला पाठवेल.